घरापुरती तार : चंद्रपूर-गडचिरोलीतील उपग्रह-ग्रहण आणि भूसंपर्काचा प्रश्न

चांदा जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासात तारेचा पहिला ठळक उल्लेख येतो तो रक्तपाताच्या संदर्भात. २९ एप्रिल १८५८ च्या रात्री मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव पुलेश्वर शेडमाके आणि अडपल्लीचे व्यंकटराव यांच्या अनुयायांनी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे पडलेल्या तारखात्याच्या तळावर छापा घातला. गार्टलंड व हॉल हे दोन कर्मचारी त्यात मारले गेले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबर रोजी बाबूरावांना चांदा येथे फाशी देण्यात आली. स्वातंत्र्ययुद्धाच्या इतिहासात या घटनेला जे स्थान मिळाले आहे ते योग्यच आहे. परंतु तिच्याकडे आणखी एका बाजूने पाहणे अगत्याचे आहे. जी तार त्या अरण्यातून नेली जात होती, ती त्या अरण्यातील माणसांसाठी नव्हती. तिचे एक टोक एका छावणीत, दुसरे दुसऱ्या छावणीत. मधले रान म्हणजे केवळ खांब रोवण्याची जागा.

‘जिल्ह्यातून जाणारी, पण जिल्ह्यात न थांबणारी तार’ हे वर्णन पुढील सव्वाशे-दीडशे वर्षांतील इतर तारांनाही बऱ्याच अंशी लागू पडते. १९८० नंतरच्या दशकात चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. १९९९ मध्ये चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश प्रवाहाची वाहिनी कार्यान्वित झाली. तिची क्षमता १५०० मेगावॉट. या वाहिनीतून वीज मुंबईच्या दिशेने निघाली तेव्हा वैनगंगेच्या पूर्वेकडील कित्येक पाडे अंधारात होते. प्रस्तुत निबंधाचा विषय मात्र या मोठ्या तारांहून अगदी वेगळी अशी एक क्षुल्लक वाटणारी तार आहे. घराच्या छपरावरील किंवा अंगणातील तबकडीपासून आतल्या दूरचित्रवाणी संचापर्यंत येणारी, वीस-तीस मीटर लांबीची समाक्ष तार, जिला लोकव्यवहारात नुसते ‘केबल’ म्हणतात, ही या दोन जिल्ह्यांतील संदेशवहनाची अशी पहिली तार होय की जिची दोन्ही टोके एकाच घराच्या हद्दीत असतात. ती घराच्या मालकीची आहे; आणि म्हणूनच तिचा जमिनीशी संबंध जोडण्याची जबाबदारीही, कोणी स्पष्टपणे न सांगता, घरावर येऊन पडली आहे. ती जबाबदारी कशी सरकत आली हे पाहणे हा या लेखनाचा हेतू आहे.

तार आणि भूमी यांचा संबंध तारयंत्राइतकाच जुना आहे. विद्युत्प्रवाहाला जाण्यासाठी एक आणि परतण्यासाठी एक अशा दोन तारा लागतात, हा आरंभीचा समज १८३८ मध्ये म्युनिकच्या श्टाइनहाइल यांनी मोडून काढला. परतीच्या तारेचे काम खुद्द पृथ्वी करू शकते, हे त्यांनी दाखविले आणि तारमार्गाचा तारेवरील खर्च निम्म्यावर आला. हिंदुस्थानात ओशॉनेसी यांचे कलकत्त्याजवळील प्रयोग १८३९ चे. १८५४ मध्ये तारसेवा लोकांसाठी खुली झाली. प्रत्येक तारघरात धातूचा पत्रा जमिनीत खोल पुरलेला असे. त्याच्यावाचून संदेश जातच नसे. म्हणजे भूसंपर्क हा त्या काळी सुरक्षिततेचा जोडउपाय नसून यंत्राचे अर्धे अंग होते. तो बिघडला की काम थांबत असे, आणि काम थांबले की खात्याला दुरुस्ती करणे भाग पडे. हा मुद्दा पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे. जो दोष स्वतःला लगेच प्रकट करतो तो दुरुस्त होतो. जो वर्षानुवर्षे गुप्त राहतो त्याची दखल कोणी घेत नाही. पृथ्वीचा परतीच्या मार्गासारखा उपयोग मात्र मोठ्या वाहिन्यांत टिकून राहिला. चंद्रपूर-पडघेसारख्या द्विध्रुवी वाहिनीचा एक ध्रुव बंद पडल्यास पृथ्वीतून प्रवाह परत आणण्याची सोय केलेली असते, आणि तीमागील तत्त्व श्टाइनहाइल यांचेच आहे.

भूसंपर्क घरात आला तो रेडिओबरोबर. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्या काळातील निर्वात नळ्यांच्या रेडिओला मागील बाजूस दोन खुंट्या असत : एक ‘एरियल’ची आणि दुसरी ‘अर्थ’ची. छपरावर दोन बांबूंमध्ये ताणलेली लांब तार पहिलीला जोडावयाची. नळाला किंवा ओल्या जागी पुरलेल्या तांब्याच्या पत्र्याला गेलेली तार दुसरीला. दुसरी जोडणी केली नाही तर आवाज क्षीण होई आणि खरखर वाढे. त्यामुळे ज्याच्या घरी रेडिओ होता त्याला ‘अर्थ’ म्हणजे काय हे ठाऊक असावेच लागे. तालुक्याच्या गावचा वकील, वनखात्याचा अधिकारी, लाकडाचा ठेकेदार, शाळामास्तर अशा मोजक्या मंडळींपुरतेच हे ज्ञान मर्यादित होते हे खरे. पण ते घरगुती ज्ञान होते. पाऊस-वादळाच्या वेळी एरियलची तार काढून थेट ‘अर्थ’ला जोडून ठेवण्याची चाल त्यातूनच पडली.

ट्रान्झिस्टर आला आणि हे ज्ञान नाहीसे झाले. १९४७ च्या अखेरीस अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेले हे साधन १९६० नंतर भारतीय खेड्यांत पोचले, आणि रेडिओ खांद्यावर लटकवून रानात नेता येऊ लागला. विजेची जोडणी नको, एरियल नको, अर्थ नको. वनप्रदेशातील लोकांना या यंत्राने जे दिले त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. परंतु तंत्रज्ञानाच्या इतिहासात लाभाबरोबर काय गळून पडले याचीही नोंद ठेवावी लागते. एका पिढीच्या अवधीत ‘ऐकण्याच्या यंत्राचा जमिनीशी काही संबंध असतो’ ही जाणीव घरातून गेली. दूरचित्रवाणी आली तेव्हा ती परत आली नाही, कारण संच भूसंपर्काशिवायही उत्तम चालत असे.

येथे समाक्ष तारेची रचना ध्यानात घेतली पाहिजे. मध्यभागी धातूचा एक वाहक, त्याभोवती निरोधक द्रव्याचा जाड थर, त्याच्याभोवती धातूचा पातळ पापुद्रा व विणलेली जाळी, आणि सर्वांवर प्लॅस्टिकचे आवरण. आतला वाहक आणि बाहेरची जाळी यांचा अक्ष एकच, म्हणून ती समाक्ष. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० मध्ये या कल्पनेचे एकस्व घेतले. तिचे आधुनिक रूप सिद्ध केले ते अमेरिकेत एस्पेनशीड व ॲफेल यांनी, १९२९ च्या सुमारास, एका तारेतून शेकडो संभाषणे नेण्याच्या गरजेपोटी. हिचा मुख्य गुण असा की संदेशाची लहर आतला वाहक व जाळी यांच्यामधील पोकळीत कोंडलेली राहते. बाहेरचा गोंगाट आत येत नाही आणि आतली लहर बाहेर सांडत नाही. १९८० नंतरच्या दशकात छपरावरील ॲंटेनापासून येणारी जी चपटी दुहेरी फीत सर्वत्र दिसत असे तिला हा गुण नव्हता. भिंत ओली झाली किंवा पत्र्याला फीत चिकटली की चित्र बिघडे. समाक्ष तार पत्र्यावरून न्या, लोखंडी नळाला बांधा, तिला त्याचे काही वाटत नाही. पण या गुणाच्या पोटातच पुढील अडचण दडलेली आहे. जाळी हा धातूचा अखंड मार्ग आहे. उघड्यावरील तबकडी आणि घरातील संच यांना तो सरळ जोडतो; तबकडीवर जे काही अवतरेल ते त्या मार्गाने आत येऊ शकते.

उपग्रहाचे दूरचित्र भारतात आले त्या वेळी चंद्रपूर जिल्हा त्याच्या उंबरठ्यावर थांबला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ नावाने प्रसिद्ध असलेला शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग अमेरिकेच्या ए. टी. एस.-६ उपग्रहाच्या साहाय्याने झाला. विक्रम साराभाई यांनी त्याची कल्पना मांडली होती. त्यांच्या पश्चात यश पाल आणि कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस यांच्या हातून ती तडीस गेली. सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत, तीन मीटर व्यासाच्या, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तबकड्या उभारण्यात आल्या आणि त्यांच्यापासून समाक्ष तारेने सार्वजनिक संचापर्यंत संदेश आणला गेला. या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मध्य प्रदेशातील गावे रायपूरच्या परिसरात निवडलेली होती. म्हणजे कुरखेडा-कोरचीच्या पूर्वेस, सीमेपलीकडच्या मुलखात, आकाशातील चित्र दिसत होते आणि अलीकडे दिसत नव्हते. उपग्रहाच्या किरणाला राज्याची सीमा ठाऊक नसते हे खरे. तबकडी मात्र शासनाच्या यादीनुसार उभी राहते.

‘साइट’विषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, तिच्या कार्यक्रमांचा परिणाम काय झाला याची चर्चा अद्याप संपलेली नाही. येथे एवढेच नोंदवावयाचे की त्या प्रयोगात संच, तबकडी आणि त्यांमधील तार यांची मालकी व देखभाल एका संस्थेकडे होती. बिघाड कळविण्याची पद्धत होती, दुरुस्ती-केंद्रे होती, जीपगाडीतून गावोगाव फिरणारे तंत्रज्ञ होते. तार ही खात्याची होती, जशी ती १८५८ मध्ये होती. फरक इतकाच की या वेळी तिचे एक टोक गावात उघडत होते.

पुढे ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१ब अवकाशात गेला. त्याच्या थेट ग्रहणाच्या योजनेत आंध्र प्रदेश, बिहार, गुजरात, ओरिसा व उत्तर प्रदेश यांच्या जोडीला महाराष्ट्राचाही समावेश झाला. तबकडीचा व्यास आता बारा फूट झाला होता, जाळी तीच. त्याच्या एक वर्ष आधी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला होता. १९८४ मध्ये दूरदर्शनने देशभर कमी शक्तीच्या प्रक्षेपकांची मालिकाच उभारली; अशा प्रक्षेपकाचा पल्ला साधारणपणे पंधरा-वीस किलोमीटर. शहराला हा पल्ला पुरतो. भामरागड, एटापल्ली, धानोरा अशा तालुक्यांत, जेथे एका गावापासून दुसरे गाव डोंगर-नाल्यांच्या आड असते, तेथे तो पुरत नाही.

१९९१ नंतरचा केबलचालकांचा अध्याय थोडक्यात आटोपता येईल, कारण तो मुख्यतः चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, भद्रावती यांसारख्या दाट वस्तीच्या ठिकाणांचा आहे. एशियासॅट-१ वरून स्टार, १९९२ पासून झी. चालकाच्या गच्चीवर मोठी तबकडी, तेथून विजेच्या खांबांवरून गल्लीगल्लीत पसरलेली जाड समाक्ष तार. १९९५ च्या कायद्याने या व्यवसायास नोंदणीची चौकट आली. वीस घरांच्या पाड्यासाठी मैलोगणती तार ओढणे कोणाही चालकास परवडणारे नव्हते, आणि म्हणून रानातील घर पुन्हा वगळले गेले.

ते घर जोडले गेले छोट्या तबकडीमुळे. १९९७ मध्ये घातलेली बंदी उठवून शासनाने नोव्हेंबर २००० मध्ये घरोघर थेट ग्रहणास संमती दिली. खाजगी सेवा २००३ मध्ये सुरू झाली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची निःशुल्क सेवा, जी आज ‘डीडी फ्री डिश’ या नावाने ओळखली जाते, तिचा आरंभ झाला. मासिक वर्गणी नाही, एकदाच खर्च. दुर्गम भागात तिचा प्रसार का झाला हे यावरून उघड आहे. साठ-सत्तर सेंटिमीटरची ही तबकडी, जिला ‘छत्री’ म्हणण्याचा प्रघात खेडोपाडी आहे, बाजारातून सायकलवर बांधून आणता येते. इतिहासकाराने या सायकलकडे दुर्लक्ष करू नये. तारखात्याची छावणी, ‘साइट’ची जीप आणि ही सायकल यांच्यामध्ये संस्थेकडून व्यक्तीकडे झालेले सर्व स्थित्यंतर सामावले आहे.

आता या घरापुरत्या तारेची तपासणी करू जाता पहिला प्रश्न येतो लांबीचा. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. चंद्रपूरहून पाहता तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे साठ अंश उंचीवर येतो. उंची पुष्कळ असल्याने उघड्या मैदानात अडचण नसते. पण ज्या घराच्या पूर्व-दक्षिणेस मोह, चिंच किंवा साग उभा आहे तेथे पानांतील ओलावा ही सूक्ष्म लहर शोषून घेतो. मोहाचे झाड तर कोणी तोडणार नाही. मग तबकडी घरापासून दूर, अंगणाच्या टोकाला किंवा वाडीत, आकाश मोकळे सापडेल तेथे रोवली जाते आणि तार लांबते. तबकडीच्या मुखाशी असलेला एल.एन.बी. हा भाग बारा हजार मेगाहर्ट्झच्या आसपासचा संदेश उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर आणतो. घरगुती आर.जी.-६ जातीच्या तारेत हजार मेगाहर्ट्झला दर शंभर मीटरमागे सुमारे २० डेसिबल, आणि वरच्या टोकाला ३० हून अधिक डेसिबल ऱ्हास होतो. तीस-चाळीस मीटरपर्यंत हे सोसते, पुढे नाही.

याहून सूक्ष्म दोष असा. स्वस्त तारेचा मधला वाहक तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचा असतो. उच्च वारंवारतेची लहर धातूच्या पृष्ठभागाच्या काही सहस्रांश मिलिमीटर खोलीतूनच वाहते, तेव्हा तिला मुलामा पुरतो. पण त्याच तारेतून संच तबकडीकडे विद्युत्दाबही पाठवीत असतो, १३ व्होल्ट किंवा १८ व्होल्ट, आणि या दोन दाबांवरून एल.एन.बी.ने उभी लहर घ्यावी की आडवी हे ठरते. हा स्थिर प्रवाह मात्र संपूर्ण वाहकातून जातो आणि पोलादाचा रोध तांब्याच्या अनेकपट असतो. तार लांब व हलकी असली की १८ व्होल्ट निघालेला दाब वाटेतच उतरतो, एल.एन.बी. त्याला १३ समजतो, आणि घरच्यांना निम्मी चॅनेले दिसतात, निम्मी दिसत नाहीत. दोष तबकडीवर, उपग्रहावर किंवा ढगांवर ढकलला जातो.

पाण्याचाही विचार करावा लागतो. तबकडीजवळील जोडणी उघडी राहिली तर जाळीच्या विणीत पाणी केशाकर्षणाने शिरते आणि तारेच्या पोटातून मीटर मीटर पुढे सरकते. घरात शिरण्यापूर्वी तारेला खाली एक झोल द्यावा, म्हणजे पागोळीचे पाणी तेथून गळून पडेल, एवढी साधी युक्ती पुरेशी असते. कौलारू घराच्या वळचणीखालून तार नेणाऱ्या कोणालाही हे वेगळे सांगावे लागू नये. ज्या लोकांनी पावसाचे पाणी घरात न येऊ देण्याची विद्या शतकानुशतके जोपासली त्यांना तर नाहीच.

सर्वांत गंभीर प्रश्न भूसंपर्काचा. या दोन जिल्ह्यांत मृगापूर्वीच्या काळात, एप्रिल ते जून, दुपारनंतर वळवाची वादळे उठतात. विजेच्या एका तडाख्याचा प्रवाह साधारणपणे तीस हजार अँपिअर असतो. देशात वीज पडून दरसाल दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे सांगतात. यांपैकी बहुसंख्य मृत्यू शेतात, झाडाखाली, गुरांमागे होतात हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. तेंदूपानांचा हंगाम नेमका याच दिवसांत येतो. घरातील तारेला त्या सर्वांचे निमित्त ठरविणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु थेट तडाख्याखेरीज, जवळपास पडलेल्या विजेमुळे तारेत उद्भवणारा दाबाचा लोंढा आणि कोरड्या वाऱ्यात तबकडीवर साठणारा स्थिर प्रभार हे दोन्ही जाळीच्या मार्गाने संचापर्यंत येतात. भूसंपर्काचे काम यांना घराबाहेर वाट करून देणे हे आहे. थेट तडाखा तो परतवू शकत नाही.

हे काम व्हावयाचे तर तबकडीचा खांब जाड तांब्याच्या तारेने जमिनीशी जोडला पाहिजे. समाक्ष तार घरात शिरते त्या जागी तिची जाळीही त्याच मार्गास जोडली पाहिजे. आणि हा भूसंपर्क घराच्या विजेच्या अर्थिंगशी एकजीव केला पाहिजे. तिसरी अट बहुधा विसरली जाते, आणि ती विसरणे भूसंपर्क मुळीच न करण्यापेक्षाही घातक ठरू शकते. तबकडीसाठी अंगणात एक सळई आणि विजेसाठी मागील दारी दुसरी, अशा दोन स्वतंत्र जागा ठेवल्या तर वीज जवळ पडताच दोन्हींच्या पातळीत हजारो व्होल्टचा फरक पडतो, आणि त्या दोहोंना जोडणारी वस्तू असते दूरचित्रवाणी संच. जोडतार सरळ व आखूड का असावी याचेही गणित आहे. सरळ तारेच्या प्रत्येक मीटरला सुमारे एक मायक्रोहेन्री प्रवर्तकता असते. प्रवाह मायक्रोसेकंदाला दहा हजार अँपिअर या गतीने चढला तर त्या एका मीटरच्या दोन टोकांत दहा हजार व्होल्टचे अंतर पडते. उरलेली तार गुंडाळी करून खिळ्याला लटकावली की भूसंपर्क नावापुरताच राहतो.

यापुढे भूगर्भाचा प्रश्न येतो आणि येथे दोन जिल्हे एकमेकांपासून वेगळे होतात. पश्चिमेस वरोऱ्याकडील काळी माती. मध्ये वर्धा खोऱ्यातील कोळशाचे गोंडवन थर. पूर्वेस गडचिरोलीत ग्रॅनाइट व नाइस जातीचा अतिप्राचीन खडक आणि सुरजागडासारखे लोहाचे डोंगर. भारतीय मानक संस्थेच्या आय. एस. ३०४३ या संहितेत, जी १९६६ मध्ये प्रथम निघाली आणि १९८७ व २०१८ मध्ये सुधारली गेली, अडीच मीटर लांबीच्या नळीचा भूसंपर्क वर्णिला आहे. अशी नळी दहा ओहम-मीटर रोधकतेच्या ओल्या काळ्या मातीत पुरली तर तिचा रोध तीन-चार ओहम येतो. हजार ओहम-मीटरच्या कोरड्या मुरमाड खडकात तीच नळी तीनशेहून अधिक ओहम दाखविते. त्यातही विपर्यास असा की वळवाची वीज कडाडते ती एप्रिल-मेमध्ये, म्हणजे जमीन वर्षातील सर्वांत कोरडी असताना. नळीभोवती कोळसा व मीठ यांचे थर देऊन वरून पाणी घालण्याची रीत भारतभर रूढ आहे. कोळशाला या मुलखात तोटा नाही. मीठ मात्र दर पावसाळ्यात धुपून जाते आणि लोखंड खाते, म्हणून खड्डा एकदा केला की संपले असे होत नाही. जेथे अडीच मीटर खोदणेच अशक्य, तेथे अर्धा-पाऊण मीटर खोल चरात लांब पट्टी आडवी पुरणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग.

शिवाय ज्या अर्थिंगशी एकजीव करावयाचे ती घरात असते काय? १९८८-८९ पासूनची कुटीर ज्योती, २००५ ची राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना, २०१७ ची सौभाग्य या क्रमाने वीज गरिबाच्या घरी पोचली. हे यश लहान नव्हे. पण एका दिव्याची जोडणी पुढे वाढत जाऊन संच, पंखा असा संसार झाला, तेव्हा तिपायी खुंटीचे तिसरे भोक कित्येक ठिकाणी रिकामेच राहिले. संच त्यावाचून अडत नाही. तारघराचा भूसंपर्क तुटला की संदेश थांबे. रेडिओचा तुटला की खरखर वाढे. येथे तुटलेल्या भूसंपर्काची एकही खूण पडद्यावर उमटत नाही.

अशा घरांसाठी आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाच्या ६०७२८-११ या मानकातील एक सवलत विशेष उपयोगी आहे, आणि आश्चर्य वाटते की तिची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. जी तबकडी छपराच्या कडेपासून दोन मीटरहून अधिक खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत बसविली आहे तिच्या खांबाला स्वतंत्र भूसंपर्काची सक्ती त्यात नाही. छपरावरील तबकडी उंच भिंतीवर, वळचणीच्या पुष्कळ खाली आणता आली तर धोका मोठ्या प्रमाणात टळतो. बुटक्या माडिया घराला मात्र दोन मीटर खाली जाण्याइतकी भिंतच नसते. तेथे उरतो एकच उपाय : आभाळ भरून येताच, वीज कडाडण्यापूर्वी, तार आणि प्लग दोन्ही संचापासून अलग करणे. रेडिओच्या काळातील एरियल काढून ठेवण्याची चाल ती हीच. ती पुन्हा शिकवावी लागते.

ही शिकवण कोणी द्यावयाची, हा प्रश्न अलीकडे अधिक निकडीचा झाला आहे. दूरदर्शनचे जमिनीवरील जुन्या पद्धतीचे प्रक्षेपक, मोजके अपवाद वगळता, मार्च २०२२ पर्यंत बंद करण्यात आले. आता निःशुल्क चित्र हवे तर तबकडीला पर्याय नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने प्रसारण-सुविधांसाठी २५३९ कोटी रुपयांहून अधिक खर्चाची योजना संमत केली. तीत दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती व नक्षलग्रस्त भागांत आठ लाखांहून अधिक फ्री डिश संच विनामूल्य वाटण्याचा संकल्प आहे. सामान्यतः बाजारात मिळणाऱ्या संचाच्या खोक्यात तबकडी, एल.एन.बी., तार आणि ग्राहकपेटी असते. जमिनीत पुरावयाची नळी व तांब्याची जोडतार नसते. तीन-चारशे रुपयांची समाक्ष तार घेणारा त्याच्या कित्येक पट खर्च खड्ड्यावर करील ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. एकेका घराऐवजी चार-पाच घरांच्या ओळीला एक सामाईक भूसंपर्क, ग्रामपंचायतीच्या किंवा वीज कंपनीच्या देखरेखीखाली, ही योजना अधिक सुसाध्य दिसते. मात्र प्रत्येक घराचे वीजमीटर त्याच भूसंपर्काशी जोडलेले असले पाहिजे, अन्यथा दोन जागांचा वर सांगितलेला दोष तेथेही उद्भवेल.

अभ्यासकाच्या दृष्टीने या विषयातील अडचण साधनांची आहे. तारखात्याचा व्यवहार दप्तरात सापडतो, ‘साइट’चे अहवाल उपलब्ध आहेत, घरापुरत्या तारेचे दप्तर भिंतीवर लिहिलेले असते. गावपाहणी करणाऱ्या विद्यार्थ्याने तबकडी वळचणीच्या वर आहे की खाली, तिच्यापासून संचापर्यंत तार किती मीटर आहे, मधला वाहक चुंबकाला चिकटतो की नाही, भिंतीतून आत येताना जाळी कोठे जोडली आहे काय, आणि मीटरखालील हिरवी तार खरोखर जमिनीत जाते की चुन्यात संपते, हे पाहून घ्यावे. भूसंपर्काचा रोध मोजावयाचा असेल तर तो मृगापूर्वी, मे महिन्यात मोजावा. श्रावणातील ओल्या जमिनीवर घेतलेले माप वळवाच्या दिवसांतील स्थितीविषयी काहीच सांगत नाही.